तक्रारी घटल्या, म्हणजे मार थांबला?

घरातली मारहाण थांबवण्यासाठी गावागावांत चाललेल्या उपक्रमांचे अहवाल साधारण एकाच साच्यातून निघतात. एवढ्या बैठका, एवढ्या बचत गटांना प्रशिक्षण, एवढी पथनाट्यं, हळदीकुंकवाचे फोटो आणि शेवटी खाली उतरणारी एक रेघ : तक्रारी कमी झाल्या. रेघ दिसली की टाळ्या. माझा आक्षेप त्या रेघेवर आहे.

तक्रारी कमी व्हायला मार थांबावाच लागतो असं नाही. घरातल्या हिंसेच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याकडे दोन-दोन तालुक्यांचा कार्यभार असला तरी त्या कमी होतात. ठाण्यात ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणाले तरी होतात. आणि गावानंच दाबल्या तर हमखास होतात. तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली, तिच्यात गावाला बक्षीस होतं तंटे मिटवल्याबद्दल. बांधाच्या भांडणाला ते ठीक. पण बायकोला मारणारा नवरा त्याच रजिस्टरात आला की ‘मिटवलं’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की तिला समजावून परत पाठवली. उलट काम खरंच चांगलं असेल तर पहिल्या वर्षी १८१ या महिला हेल्पलाइनवरचे फोन वाढतात, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली भरले जाणारे घटना अहवाल वाढतात. म्हणजे चांगला उपक्रम कागदावर नापास आणि दडपणारा पास.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या दर चार बायकांमागे एकीनं नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याच फेरीत देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागायला गेल्या होत्या फक्त १४ टक्के. तक्रारींवरून मापायचं म्हणजे उरलेल्या ८६ जणी सोडून द्यायच्या.

तेव्हा बायकांनाच विचारावं लागतं. आणि खरी गोम विचारण्यात आहे.

‘घरी मारहाण होते का?’ असं विचारा. ‘न्हाई बाई, तसलं काय न्हाई आमच्यात.’ मग एकेक कृती विचारा. गेल्या बेंदरापासून या बेंदरापर्यंत नवऱ्यानं थोबाडीत मारली? ‘ती काय, रागाच्या भरात एखादी.’ हात पिरगळला, केस ओढले? ढकललं, काही फेकून मारलं? लाथ घातली? गळा दाबला, चटका दिला? आधी ‘न्हाई’ म्हणणारी तीन-चार गोष्टींना मान हलवते. ‘हिंसा’ हा शब्द तिच्या रोजच्या बोलण्यातलाच नाही. ‘गेल्या बारा महिन्यांत’ म्हटलं की पाच वर्षांपूर्वीचंही त्यात येतं, म्हणून बेंदूर, यात्रा, दिवाळी अशी खूण धरून विचारायचं.

विचारणारी बाई त्याच गावची आशाताई नको. ती कितीही चांगली असली तरी कुणाच्या ना कुणाच्या भावकीतली असते. पाटणच्या गावात कडेगावची पाठवा : बोली जवळची, ओळख नाही. एका घरात एकीलाच विचारायचं. तिच्या नवऱ्याला, दिराला हेच प्रश्न त्या गावात नाहीतच. गावात सांगायचं, ‘बायकांच्या आरोग्याची पाहणी आहे.’ मुलाखत चालू असताना सासू उंबऱ्यात येऊन तांदूळ निवडत बसली, तर पान उलटून लसीकरणाचे प्रश्न सुरू करायचे. ते पान आधीपासून तयार हवं. शेवटी मदतीचा नंबर द्यायचा, पण १८१ एकटाच छापलेली चिठ्ठी नवऱ्याच्या हाती लागली तर त्या चिठ्ठीपायीच मार बसतो. १०८, १०९८ यांच्या रांगेत तोही घाला.

आपल्याकडची आणखी एक मेख म्हणजे हंगाम. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) माणसं वर्षातले कितीतरी महिने परराज्यात, जावळी-पाटणची माथाडी कामाला मुंबईत. नवरा घरातच नसेल तर मार कमी दिसणारच. पहिली पाहणी यात्रेनंतर, म्हणजे माणसं गावी येऊन गेल्यावर, आणि शेवटची ऐन पावसाळ्यात केली, तर सुधारणा आयती मिळते! दोन्ही पाहण्या एकाच महिन्यात करा आणि वर्षातले किती दिवस एकत्र राहिलात हे प्रत्येकीला विचारा. पुरुषांच्या बैठकांचंही तसंच. ऊस तोडीला आलेला आणि मोटारीची लाइट रात्रीची, अशा आठवड्यात पारावर निवृत्त गुरुजी सोडून कोण येणार? म्हणून बैठकीला आलेल्यांच्या घरात काय बदललं एवढंच बघून भागत नाही. मारणारा बहुधा आलेलाच नसतो. मोजायचं अख्खं गाव.

आता आकडे. पाच गावांत काम आणि काम न केलेली पाच तुलनेला, असे प्रस्ताव येतात. हिशोब करून बघा. वर्षभरात मार सोसणाऱ्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवरून १५ वर आलं, हे खात्रीनं दिसायला प्रत्येक बाजूला साधारण २५० बायका लागतात. पण एका गावातल्या बायकांची उत्तरं एकमेकींशी जुळती असतात. तेच गुत्त्याचं दुकान, तीच भावकी. त्यामुळे गावागणिक २० मुलाखती धरल्या तर २५० चे ३९० होतात. म्हणजे काम केलेली २० गावं आणि तुलनेची २०. पाच-पाच गावांतून निघालेला निष्कर्ष नुसता अंदाज.

युगांडात कंपाला शहरात ‘सासा’ नावाच्या उपक्रमाचं मूल्यमापन झालं, ते जगभर दाखल्यासारखं सांगतात. चार वस्त्यांत काम, चार तुलनेला, जवळपास तीन वर्षं. काम झालेल्या वस्त्यांत नवऱ्या-जोडीदाराकडून होणारी वर्षभरातली शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा सगळे सांगतात. वस्त्या आठच असल्यामुळे त्या अंदाजाची कक्षा ८४ टक्के घटीपासून ३९ टक्के वाढीपर्यंत पसरली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. अभ्यास करणाऱ्यांनी मात्र ते छापलं होतं.

एक अडचण पूर्ण सुटत नाही. दोन वर्षं गटात बसून बोलायला लागलेली बाई शेवटच्या पाहणीत आधीपेक्षा मोकळेपणानं सांगते. तुलनेच्या गावातली नाही सांगत. मग काम झालेल्या गावातच मार वाढलेला दिसतो. यावर निम्म्या बायकांना चार साध्या गोष्टींची यादी वाचून दाखवतात, उरलेल्यांना त्याच चारांत ‘नवऱ्यानं मारलं’ ही पाचवी घालून. ‘यातल्या किती घडल्या’ एवढंच विचारायचं, कुठल्या ते नाही. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे मार सोसणाऱ्यांचं प्रमाण. कुणी काय सांगितलं ते विचारणारीलाही कळत नाही. त्याला मुलाखती मात्र कितीतरी जास्त लागतात, आणि तो खर्च प्रस्तावात पहिल्याच दिवशी धरलेला असावा लागतो.