न पाहिलेल्या चित्रपटाची शिफारस कशी करावी

गोव्यात नव्याने राहायला आलेल्या, किंवा इथेच जन्मूनही शेजारधर्म पुरता अंगवळणी न पडलेल्या सज्जनांसाठी हे चार शब्द लिहीत आहे. शेजाऱ्याकडून आलेली वाटी रिकामी परत करू नये, हे आपल्याला आईने शिकवले असेलच. चित्रपटाच्या शिफारशीलाही तोच नियम लागू आहे. समोरच्या वहिनींनी एक चित्रपट सुचवला, की आपण उंबऱ्यावर उभ्या उभ्याच दुसरा सुचवून परतफेड करावी. वाटीतले निदान चाखावे लागते, सुचवलेला चित्रपट मात्र पाहावा लागत नाही, आणि हा व्यवहार इतकी वर्षे विनातक्रार चालला आहे तो केवळ या सवलतीच्या जोरावर.

पाहिलेल्या चित्रपटाची शिफारस करणे हे नवशिक्याचे लक्षण आहे. ज्याने चित्रपट खरोखर पाहिला आहे, त्याला मध्यंतरानंतरची रखडलेली दृश्ये आठवतात, कारण नसताना घुसडलेले गाणे आठवते, स्वतःला लागलेली डुलकीही आठवते, आणि मग तो ‘तसा बरा आहे, पण...’ असे काहीतरी पुटपुटतो. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला हा ‘पण’ नको असतो. त्याच्या एका हातात पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले उंडे असतात, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी असते, आणि अर्ध्या मिनिटात एखादे ठाम मत ऐकून त्याला वर जायचे असते. असे ठाम मत ज्याने चित्रपट पाहिलेला नाही तोच देऊ शकतो. जाहिरातीचा तुकडा, वर्तमानपत्रातल्या परीक्षणाचा पहिला परिच्छेद आणि मेव्हण्याचे फोनवरचे दोन उद्गार एवढ्या भांडवलावर ‘चुकवू नका, मोठ्या पडद्यावरच पाहा’ असे बजावता येते. मोठ्या पडद्याचा आग्रह अवश्य धरावा, कारण त्यासाठी समोरच्याला तिकीट काढावे लागते, गाडी लावायला जागा शोधावी लागते, आणि त्यामुळे तो जाण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

या विद्येची वरची परीक्षा दरवर्षी नोव्हेंबरात पणजीत होते. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजेच इफ्फी, १९५२ साली मुंबईत सुरू झाला, पुढे बरीच वर्षे शहरे बदलत राहिला आणि २००४ साली गोव्यात येऊन कायमचा स्थिरावला. तेव्हापासून आपल्या राज्यात इफ्फीला जाऊन आलेले आणि न गेलेले अशा दोन जाती निर्माण झाल्या आहेत. आपण पहिल्या जातीत मोडावे. प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवावे, ओळखपत्र गळ्यात घालावे आणि महोत्सव संपल्यावरही ते उतरवण्याची घाई करू नये. पणजीच्या मासळी बाजारात ते ओळखपत्र गळ्यात असले, तर कोळीण भाव कमी करत नाही हे खरे, पण मागे उभा असलेला शेजारी ते वाचतो. महोत्सवाची पिशवी ज्यांना पूर्वी कधी मिळाली असेल, त्यांनी ती जपून ठेवू नये, तिच्यातून बिनदिक्कत बांगडे आणावेत. तिच्यावरचा महोत्सवाच्या बोधचिन्हातला मोर जितका विटलेला आणि जितका खवल्यांनी माखलेला, तितका मालक जुना रसिक, अशी आपल्याकडे समजूत आहे.

तिथे कोणते चित्रपट पाहावेत, हा प्रश्न गौण आहे. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात रांगेत उभे राहावे, आत जागा मिळालीच तर थंड हवेत विश्रांती घ्यावी, न मिळाल्यास बाहेर चहा घेत पुढच्यांची चर्चा कान देऊन ऐकावी. घरी परतल्यावर म्हणावे, ‘हंगेरीचा एक होता, काय सांगू! दोन तासांत कोणी फारसे बोलतच नाही.’ हा चित्रपट पुन्हा फोंड्यात, म्हापशात किंवा मडगावात लागण्याचा संभव नसतो, तो फोनवरही सहसा सापडत नाही, त्यामुळे आपल्या मताला आव्हान देणारा या भूतलावर, निदान आपल्या वाड्यावर, कोणी उरत नाही. शेजाऱ्याने नाव विचारलेच, तर ते जिभेवर आहे असे सांगावे. सुवर्ण मयूर हा महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या चित्रपटाची शिफारस मात्र चुकूनही करू नये. त्याचे नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून येते, आणि छापून आलेले नाव कोणालाही शोधता येते.

गोव्यात चित्रित झालेल्या चित्रपटाची शिफारस करायची असेल, तर कथा, अभिनय, संगीत असल्या किरकोळ बाबींत शिरू नये. आपल्याकडे चित्रपट पाहतात ते पार्श्वभूमी ओळखण्यासाठी. ‘एक दुजे के लिए’ १९८१ सालचा, त्यातले दोनापावल ओळखावे. ‘त्रिकाल’ १९८५ चा, त्यातले घर लोटलीचे, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे, हे नायकाच्या आधी सांगावे. २००१ सालच्या ‘दिल चाहता है’मधले तिघे मित्र शापोऱ्याच्या किल्ल्यावर बसले आणि तेव्हापासून त्या भिंतीवर बसून छायाचित्र काढून घेतल्याशिवाय पर्यटक परत जात नाहीत, हे सांगून एक दीर्घ उसासा टाकावा. पण यात खरी बाजी मारायची असेल, तर याहून बारीक जावे लागते. ‘नायिका रडते तेव्हा तिच्याकडे बघू नका, मागे उजवीकडे निळी खिडकी दिसेल, ते माझ्या आत्याच्या दिराचे घर’, अशी शिफारस एकदा केली, की तो चित्रपट तुमच्या मालकीचा झाला. त्यानंतर तो कोणी पाहिला, तरी तुमच्या परवानगीने पाहिल्यासारखा होतो. शेजाऱ्याला खिडकी हिरवी दिसली, तर ती नंतर रंगवली असे सांगता येते.

भूगोलाच्या चुका हे याच विभागातले दुसरे हत्यार आहे. २०१३ सालच्या ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये मुंबईहून निघालेली गाडी दूधसागरच्या धबधब्यापाशी थांबते. आता मुंबईहून चेन्नईला जाणारा लोहमार्ग पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल असा जातो, आणि दूधसागर आहे कुळे ते कॅसलरॉक या घाटात, म्हणजे गाडीला तिथे यायचे तर बराच वाकडा रस्ता धरावा लागेल. हे आपल्या वाड्यावरचे निवृत्त मास्तर गेली कित्येक वर्षे प्रत्येक चतुर्थीला, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून, नव्याने सांगतात. त्यांना अडवू नये. त्यांनी चित्रपटाचा पुढचा भाग पाहिलेला नाही, कारण त्या दृश्यानंतर ते संतापून उठून गेले, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. तरीही ते तो सर्वांना सुचवतात, चुका पाहण्यासाठी.

‘दृश्यम’चे मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. मूळ चित्रपट मल्याळम, २०१३ चा, हिंदी अवतार २०१५ चा, दिग्दर्शक निशिकांत कामत, आणि कथा घडते गोव्यात. चौथी नापास झालेला, केबलचा धंदा करणारा, चित्रपटवेडा नायक २ आणि ३ ऑक्टोबरला आपण सहकुटुंब पणजीत सत्संगाला गेलो होतो, तिथे राहिलो, जेवलो आणि चित्रपटही पाहिला, हे इतक्या जणांच्या डोक्यात भरवतो की पोलिसांचीही मती गुंग होते. शिफारशीची ताकद काय असते, हे याहून स्पष्ट कोणी सांगितलेले नाही. ज्यांनी काही पाहिले नाही त्यांनाही आपण पाहिले असे वाटायला लावणे, यालाच तर आपण इथे शेजारधर्म म्हणत आहोत. दर २ ऑक्टोबरला आपल्या फोनवर शेजाऱ्यांकडून त्या सत्संगाचा विनोद येईल. तो प्रत्येकाकडून वेगळा येईल आणि एकच असेल. प्रत्येकाला हसणारा चेहरा पाठवावा.

हा चित्रपट अद्याप न पाहिलेली एखादी व्यक्ती सापडली, तर तिला तो सुचवताना पाळायचा शिष्टाचार असा, की ‘शेवट सांगणार नाही’ हे वाक्य आधी उच्चारावे, नंतर थोडे थांबावे, आणि मग म्हणावे, ‘फक्त नव्या पोलीस ठाण्याच्या फरशीकडे लक्ष ठेवा.’ रहस्य फोडल्याचा आळ येत नाही, आणि समोरच्याचे अडीच तासही वाचतात.

ऐतिहासिक चित्रपटाच्या बाबतीत गोव्यात विशेष सावध राहावे लागते, कारण आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत आणि उत्सवांत मराठी नाटके होतात आणि दर दुसऱ्या घरात एक नट असतो. ज्याने देवळापुढच्या मांडवात, पेट्रोमॅक्सच्या काळात, संभाजीची भूमिका एकदा केली आहे, त्याला ‘छावा’ची शिफारस करण्याचे धाडस मी कोणालाही सुचवणार नाही. हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, गोवा सरकारने तो करमुक्त केला, तिकिटे स्वस्त झाली, वाडेच्या वाडे गाड्या करून गेले. आमचे हे शेजारी गेले नाहीत. ते व्हरांड्यात बसून, येणाऱ्या प्रत्येकाला ‘आवाज कसा आहे?’ एवढेच विचारत राहिले. चांगला आहे म्हणावे, तर ‘माइकवर कोणाचाही चांगला असतो’ म्हणत. १६८३ साली संभाजीराजे गोव्यावर चालून आले होते, तेव्हा ‘ती स्वारी नीट दाखवली का?’ हा त्यांचा दुसरा प्रश्न असे, आणि त्याचे उत्तर काहीही दिले तरी ते पंचा खांद्यावर टाकून तिसऱ्या अंकातला आपला प्रवेश म्हणून दाखवत. अशा वेळी ऐकणाऱ्याने पायरीवर बसून शेवटी टाळ्या वाजवाव्यात. तेवढ्या वेळात वरणाचा कुकर जळाला तर तो शेजारधर्माचा खर्च समजावा.

कोंकणी चित्रपटांची शिफारस प्रथमपुरुषी अनेकवचनात करावी. ‘आपण आपले चित्रपट पाहायला हवेत’, असे म्हटले की त्यात बोलणारा कुठे उभा आहे हे कळत नाही. १९५० साली ‘मोगाचो आंवडो’ आला आणि कोंकणी चित्रपटाची सुरुवात झाली, ‘पलतडचो मनिस’ने २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळवला, हे दोन दाखले तोंडपाठ असले की पुष्कळ झाले. तिकीट काढून आत बसण्याची अपेक्षा अभिमानाकडून करू नये. मराठी चित्रपटासाठी मात्र वेळ साधावी लागते. तो मल्टिप्लेक्सात आठवडाभर, कामाच्या दिवशी भर दुपारी एकच खेळ असा लागतो आणि शुक्रवारी उतरतो. तेव्हा त्याची कळकळीची शिफारस शनिवारी करावी, आणि ‘आपली माणसेच जात नाहीत’ अशी खंतही त्याच दमात व्यक्त करावी.

घरबसल्या पाहायच्या मालिकांचा मामला वेगळा. तिथे लांबी लपवावी. सोळा भागांच्या कोरियन मालिकेला ‘छोटीशी आहे, रविवारी संपेल’ म्हणावे. शेजाऱ्याने त्यावर ‘आमच्याकडे ते ॲप नाही’ असे सूचक उत्तर दिले, तर कानावर हात ठेवावेत. पूर्वी अशा वेळी पासवर्ड देऊन मन मोठे करता येत असे, पण जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेरच्यांशी पासवर्ड वाटून घेण्यावर बंधन आणले आणि आपली कितीतरी उदार माणसे एका रात्रीत नियमांची भोक्ती झाली. काहीजण त्यावर पेनड्राइव्ह काढतात. त्यातल्या चित्रपटात ऐन प्रसंगी एक डोके खालून उठते, डावीकडे जाते आणि थोड्या वेळाने चिवड्याच्या पुडीसह परत येते. चित्रपट कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहात असे चित्रण करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे पेनड्राइव्ह परत करताना हसत हसत सांगावे, आतला चित्रपट उतरवून घेतल्यावर.

इतकी खबरदारी घेऊनही कधीतरी आपत्ती कोसळते, म्हणजे आपण सुचवलेला चित्रपट शेजारी खरोखरच पाहून येतो. असा माणूस रात्री साडेनऊला, जेवण आटोपून, बेल वाजवतो आणि ‘त्या मधल्या प्रसंगाबद्दल तुमचे काय मत?’ असे विचारतो. घाबरू नये. त्याला आत बोलवावे, पाणी द्यावे आणि गंभीरपणे विचारावे, ‘आपण हिंदी पाहिलात की मूळ?’ शंभरातले नव्वद इथेच ओशाळतात. मूळ पाहायला हवा होता, हिंदीत तो प्रसंग पार पातळ झाला आहे, असे सांगून त्यांची बोळवण करता येते. परंतु तो मूळही पाहून आला असेल, वर वही घेऊन आला असेल, तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला मास्तरांच्या घरचा रस्ता दाखवावा.