मट्टांचेरी दोन ओळींत उरकलीत!

तुमच्या कोचीवरच्या लेखात मासेमारीची चिनी जाळी आली, सेंट फ्रान्सिस चर्चमधली वास्को द गामाची रिकामी कबरही आली (१५२४ मध्ये पुरलं, १५३९ मध्ये अस्थी पोर्तुगालला नेल्या). पण मट्टांचेरी, कोचीचा तो जुना भाग, दोन ओळींत? १५६८ च्या ‘परदेशी सिनेगॉग’मध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, अनवाणी जायचं. पायाखाली हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, म्हणे एकीसारखी दुसरी नाही. आम्ही वाकवाकून जोडी शोधली, नाहीच सापडली! शनिवारी मात्र बंद. आमची पहिली खेप फुकट गेली. जवळच चेरलाईला तिरुमल देवस्वम, गोव्यातून आलेल्या सारस्वतांचं देऊळ. बाहेर फुलवालीची कोंकणी कानावर पडली आणि आमच्या मालवणी आईने तिथेच बैठक मारली. रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला.