घर विकायचंय? पेंटरला सगळ्यात शेवटी बोलवा

घर विकायला काढलं की आपल्याकडं पहिला फोन पेंटरला जातो, दुसरा पीओपीवाल्याला. दीड-दोन लाख भिंतीला फासून झाले की गेटवर बोर्ड लागतो. मग गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "नळाला किती दिवसांनी पाणी येतं? बोअर मे महिन्यात टिकतो का?" त्याच्या मागून बँकेचा वकील विचारतो, "लेआउट एनए (बिगरशेती) आहे का?" रंगाकडं दोघांचंही लक्ष नसतं. मराठवाड्यात घर विकायचं तर खर्चाचा क्रम असा धरा: कागद, पाणी, स्लॅब, भेगा, लाईट. यातून उरलं तर रंग.

आजचा घेणारा कोण आहे ते आधी बघा. संभाजीनगरला वाळूज-शेंद्र्यात नोकरी करणारं जोडपं. लातूरला पोरांच्या ट्यूशनसाठी घर शोधणारे आईबाप. नांदेड-परभणीला मास्तर, बँकवाले, पोलीस. सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आल्यावर तालुक्याला जागा बघणारा शेतकरी त्यात धराच. शेतकरी सोडला तर बाकीचे बहुतेक होमलोनवर घेतात. म्हणजे घर त्यांच्या घरच्यांना पटून भागत नाही, बँकेच्या व्हॅल्युअरला आणि पॅनेलवरच्या वकिलालाही पटावं लागतं. सौदे मोडतात ते जास्त करून या वकिलाच्या टेबलावर.

म्हणून फाईल आधी लावा. तुमचं खरेदीखत आणि त्याची सूची-2 (नोंदणीचा उतारा), तुम्हाला ज्यानं विकलं त्याचंही खरेदीखत, एनए आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) किंवा 7/12, चालू वर्षाची घरपट्टी-नळपट्टी पावती, लाईट बिल. वकील साधारण 30 वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे आधीचे व्यवहार तपासतो. मधली एक कडी तुटलेली असली तरी कर्ज अडतं. ग्रामपंचायत हद्दीतला नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. नुसत्या नमुना 8 वर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती वारसाची नोंद. वडील गेले, भावांनी घर वाटून घेतलं, बहिणींची नावं लावलीच नाहीत. "त्यांचं काही म्हणणं नाही" हे वकिलाला सांगून उपयोग नाही. बहिणींचा हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, नोटरीचा कागद चालत नाही. एखादी बहीण बाहेरगावी असेल तर महिना-दोन महिने तिथंच जातात. हे काम बोर्ड लावायच्या आधी उरका. गिऱ्हाईक दारात आल्यावर सुरू केलं तर ते वाट बघत नाही आणि बघितलीच तर भाव पाडून बघतं.

बॉन्डवरच्या, म्हणजे नुसत्या स्टॅम्पपेपरवर विकलेल्या, गुंठेवारी प्लॉटचं (परवानगीविना पाडलेल्या जमिनीच्या तुकड्यांचं) दुखणं संभाजीनगरला सगळ्यांना माहीत आहे. गुंठेवारी कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची मुभा मिळाली. तुमचं घर त्यात बसत असेल तर फाईल टाका, पैसे भरा, प्रमाणपत्र घ्या आणि मगच विका. तोच प्लॉट, तेच घर, पण कर्ज होणाऱ्या घराला गिऱ्हाईकच कितीतरी जास्त असतं. सिडकोतलं घर असेल तर जमीन लीजहोल्ड (भाडेपट्ट्याची) आहे की फ्रीहोल्ड (मालकीची) झाली आहे, हस्तांतराला काय लागतं, हे सिडकोकडून कागदावर घ्या. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि 7/12 वर 'भोगवटादार वर्ग 2' (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन), देवस्थान, मदतमाश, खिदमतमाश (इनाम जमिनींचे प्रकार) असं काही दिसलं तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी महसूलचा जाणकार वकील गाठा. आपल्या भागातल्या जुन्या जमिनींची मुळं 1954-55 च्या खासरा पाहणीपर्यंत (जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदींपर्यंत) जातात, आणि वकील तिथपर्यंत जाऊन बघतो.

नकाशा तळमजल्याचा आणि घर दुमजली, हा प्रकार तर गल्लोगल्ली आहे. व्हॅल्युअर बहुधा मंजूर बांधकामाचीच किंमत धरतो. घेणाऱ्याच्या कर्जाची रक्कम तिथंच खाली येते आणि उरलेला पैसा त्याला खिशातून घालावा लागतो. सौदा शेवटच्या आठवड्यात का फिसकटला, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

आता पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते घेणारा विसरलेला नाही. त्याला आकडे द्या. हौद किती हजार लिटरचा, वरची टाकी कितीची, नळ किती दिवसांआड, कनेक्शन नियमित आहे का. बोअरची खोली किती, केसिंग किती फूट, मोटार किती एचपीची आणि किती फुटांवर सोडली आहे, हे एका कागदावर लिहून मोटारीच्या स्टार्टरशेजारी चिकटवा. "पाणी भरपूर आहे" या वाक्यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही. हजार लिटरची टाकी एप्रिल-मे मध्ये किती मिनिटांत भरते ते मोजून ठेवा. वीस मिनिटांत भरत असेल तर मिनिटाला 50 लिटर झालं, घरगुती वापराला चांगलंच. पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागं किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते, मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 500 पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी 500 च्या वर जातं. लपवू नका, किचनमध्ये आरओचा पॉइंट आणि त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी काढून ठेवा.

हौद गळतो का हे बघायला तो काठोकाठ भरायचा, आत-बाहेरचे कॉक बंद करायचे, खडूनं खूण करायची आणि 24 तासांनी बघायचं. दोन-चार इंच उतरला तर आतून गिलावा करावा लागणार. 30 बाय 40 च्या प्लॉटवर बोअर आणि शोषखड्डा यांत 50 फूट अंतर मिळणं अवघड, म्हणून पाण्याची जंतूतपासणी करून रिपोर्ट फाईलला लावा. गच्चीचं पाणी बोअरजवळ खड्डा करून मुरवलेलं असेल तर ते आवर्जून दाखवा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 50 हजार लिटर पाणी हाती लागतं. आजचा शिकलेला घेणारा हा हिशेब ऐकून थांबतो.

स्लॅबकडं या. गळका स्लॅब पीओपी सीलिंगनं झाकणारे गुत्तेदार ढिगानं आहेत. घेणारा सोबत इंजिनिअर आणतो, तो सीलिंगचा एखादा लाईट खाली ओढून टॉर्च मारतो आणि गंजलेली सळई दिसते. मग बाकीचं चांगलं घरही संशयात सापडतं. त्यापेक्षा गच्चीवर पाणी धरून बघा. पन्हाळीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी 48 तास उभं करा आणि खालून ओल कुठं येते तिथं पेन्सिलनं गोल करा. गळती बहुतेक वेळा तीन ठिकाणी असते: पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात, पाइपाच्या भोवती आणि टाकीच्या पायाखाली. सांध्यात गोलाई, म्हणजे वाटा, नसेल तर वरून कितीही केमिकल लावा, पुढच्या पावसात पुन्हा येणार. उतार दहा फुटाला सव्वा इंच तरी हवा. नसेल तर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) नाहीतर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर) करून उतार घ्यावा लागतो. उतार नसलेल्या स्लॅबवर नुसतं वॉटरप्रूफिंगचं डबडं ओतणं म्हणजे पैसे घालवणं. सळई उघडी पडली असेल तर सुटलेलं काँक्रीट ठोकून काढा, सळई तारेच्या ब्रशनं घासा, गंजरोधक लावा, मग बाँडिंग कोट आणि पॉलिमर मॉर्टर. सगळ्यात वर पांढरा उष्णतारोधक रंग मारला तर मे महिन्यात वरच्या खोलीत पाऊल ठेवताच फरक कळतो.

भेगांचं तसं नाही, तिथं ओळखायला शिका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घर तिच्यावर हलतं. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, वर रुंद होत गेलेली भेग पायाच्या हालचालीची असू शकते. बीमच्या खालून आडवी किंवा कॉलमच्या कडेनं सरळ उभी गेलेली केसाएवढी भेग बहुधा काँक्रीट आणि विटांच्या सांध्याची असते, तिला घाबरायचं कारण नाही. भेगेच्या टोकाला पेन्सिलनं रेघ आणि तारीख घाला. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही बघून ती पुढे सरकली नाही तरच बुजवा. बुजवताना वरून पुट्टी फिरवू नका. व्ही आकाराची खाच करा, धूळ काढा, पॉलिमर मॉर्टर भरा, सांध्याच्या भेगेवर जाळी बसवा. लातूर-धाराशिवकडं 1993 च्या भूकंपानंतर माणूस कॉलम मोजल्याशिवाय घर घेत नाही. आरसीसी कॉलमचं घर असेल तर स्ट्रक्चरल ड्रॉइंग शोधून काढा, पाच-पंचवीस फोटोंपेक्षा ते जास्त कामाला येतं. भेग सरकतच असेल तर इंजिनिअरला दाखवा आणि त्यानं काय सांगितलं ते घेणाऱ्यालाही सांगा.

एक जागा नेहमी राहून जाते, कूलरची खिडकी. वर्षानुवर्षं कूलरचं पाणी झिरपून खिडकीखालचा गिलावा फुगलेला असतो, ग्रीलला गंज, खाली पांढरा खार. त्यावर नुसता रंग मारला तर महिनाभरात पोपडे. फुगलेला गिलावा विटेपर्यंत काढा, भिंत नीट वाळू द्या, वॉटरप्रूफ कंपाउंड घालून नवा गिलावा करा आणि कूलरच्या ओव्हरफ्लोची नळी बाहेर काढा. त्याच भिंतीवर एसीचा पॉइंट द्या. दीड टनाच्या एसीला डीबीपासून (लाईटच्या मुख्य पेटीपासून) वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात अर्थिंगची वायर असते पण खड्डा कोरडा ठणठणीत असतो.

बाथरूममध्ये नवीन टाइल्सची घाई नको. आधी वास घालवा. बंद घरात नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास थेट खोलीत येतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता, वर चमचाभर खाद्यतेल टाका म्हणजे लवकर आटत नाही. क्षार बसलेल्या नळाची जाळी लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. ॲसिड ओतू नका, क्रोम जातं आणि फरशीचे सांधे खातं. एक तरी वेस्टर्न कमोड आता लागतोच. तो घ्यायच्या आधी तयार भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. दुकानात बहुतेक 9 किंवा 12 इंचाचे मिळतात, न मोजता आणला की फोडतोड वाढते. जुनी मोझॅक किंवा शहाबादी फरशी चांगली असेल तर मशीननं पॉलिश करा. तिच्यावर व्हिट्रिफाइड बसवली की पातळी वर येते आणि सगळी दारं खालून तासत बसावं लागतं.

सिमेंट रस्ते थरावर थर चढल्यानं कितीतरी घरं रस्त्याच्या खाली गेली आहेत. जूनच्या पहिल्या पावसात पाणी गेटमधून आत येत असेल तर गेटपाशी चढ आणि आडवी जाळीची नाली करा. ते न करता पावसाळ्यात घर दाखवायला काढू नका.

रंगाचं कौतुक दोन दिवसांचं असतं. ओल पूर्ण वाळली असेल तर पुट्टी, प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात, फिकट. पोपटी-जांभळी हायलाइट भिंत घेणाऱ्याच्या डोक्याला खर्च लावते. माळ्यावरच्या ट्रंका, मोडका पलंग, गॅलरीतलं भंगार आधी विका. सकाळच्या उजेडात फोटो काढा, खोल्यांची मापं फुटात लिहा आणि कार्पेट (आतली जागा) व बिल्टअप (भिंतींसह) असं वेगवेगळं सांगा. वास्तूसाठी भिंती पाडू नका, घेणारा त्याच्या गुरुजीला विचारून त्याचं बघेल.

छतावर सोलर असेल तर बिलाची वर्षभराची प्रिंट दाखवा आणि नेट मीटर नावावर कसं होणार ते महावितरणकडून विचारून ठेवा. नवीन बसवायचं असेल तर केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा त्यावर 78 हजार सबसिडी आहे. पण विकायला बसवायचं असेल तर हिशेब करा, पूर्ण पैसा भावात निघेलच असं नाही.

इसाराच्या पावतीत रक्कम, मुदत, बँकेचं कर्ज नाही झालं तर काय, आणि ताबा कधी, हे चार मुद्दे ठासून लिहा. 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख इसार घेऊ नका, कायद्यात बसत नाही. भाव 50 लाख किंवा वर असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस (तुमच्या नावचा आयकर) पैशातून कापणार, ते आधीच बोलून घ्या. घरावर कर्ज चालू असेल तर फोरक्लोजरचं (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचं) पत्र आणि बँकेकडं जमा कागदांची यादी आजच मागा, कारण रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी मूळ खरेदीखत दुसऱ्या शहरातल्या बँकेच्या कोठारात आहे असं कळतं. ताब्याच्या दिवशी मीटरचं रीडिंग दोघांच्या सहीनं लिहून घ्या आणि नळपट्टीची शेवटची पावती त्याच फाईलला लावून द्या.