इमोजींनी लिप्यांची जागा खाल्ली?

‘युनिकोडने लिप्यांचं काम सोडून चित्रं वाटायला घेतली, इमोजींनी लिप्यांची जागा खाल्ली’ अशा अर्थाचा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. (युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एक ठरावीक क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारं जागतिक प्रमाण.) मोडीवर जीव असलेली माणसंही तो पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी जागेचं बघू. युनिकोडमध्ये ११,१४,११२ संकेतांकांची सोय आहे. त्यांतली जेमतेम एक लाख साठ हजार अक्षरं आणि चिन्हं आजवर ठरली आहेत. इमोजी चार हजारांच्या आत, आणि त्यांतलीही बरीचशी जोडून केलेली. कुटुंबाचं चित्र म्हणजे माणसांची चित्रं एका अदृश्य जोडचिन्हाने सांधलेली. ‘दऱ्या’मधला आडवा र टंकण्याची एक रीत याच चिन्हावर चालते!

चित्रं नंतर घुसवली, हेही खरं नाही. १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच कात्री, टेलिफोन, हिममानव होते. इमोजींचा मोठा संच २०१०मध्ये आला, कारण जपानी मोबाइल कंपन्यांनी आपापल्या चित्रांना आपापले क्रमांक दिले होते आणि एकीचा संदेश दुसरीकडे नीट उमटेलच याची खात्री नव्हती. अक्षरांच्या बाबतीत हाच घोळ निस्तरायला युनिकोड जन्माला आलं.

आता मुख्य आरोप: लिप्या मागे पडल्या. इमोजी आले त्याच आवृत्तीत ब्राह्मी आली. मोडी २०१४मध्ये आली. बहुतेक इमोजींप्रमाणेच या दोन्ही लिप्यांचे संकेतांक पहिल्या ६५,५३६च्या पलीकडचे आहेत, आणि यूटीएफ-८ या संकेतांक साठवण्याच्या रूढ पद्धतीत त्यांना चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या माहितीसाठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा जुना ‘यूटीएफ८’ तीनच बाइटांपर्यंत जायचा; तिथे मोडी साठवताच येत नसे. केवळ मोडीसाठी किती जणांनी आपली प्रणाली बदलली असती? हसरा चेहरा साठत नाही म्हटल्यावर मात्र जगभर दुरुस्त्या झाल्या. ती वाट मोडीलाही आयती मिळाली.

‘प्रमाण ठरलं म्हणजे चित्र सगळीकडे सारखं’ हा समजही सोडा. ठरतो तो संकेतांक आणि नाव. रेखाटन ज्याचं त्याचं. २०१६मध्ये ॲपलने पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी दाखवली, संकेतांक तोच राहिला.

एक आक्षेप मात्र मला पटतो. एकदा घेतलेलं चिन्ह युनिकोड कधीच काढत नाही. त्यामुळे चार दिवसांच्या लाटेवरचं चित्र घेताना हात आखडताच हवा.