टाळ्या पुरे, रॅम्प कुठाय?

प्रत्येक नाटकाला तेच! व्हीलचेअरवरचं मूल तालमीला आलं की दिग्दर्शकाची कल्पनाशक्तीच संपते. झाड करा, निवेदक करून कोपऱ्यात बसवा, नाहीतर शेवटी हात हलवायला आणा. अहो, माझ्या लेकीला खलनायिका व्हायचंय! सगळ्यांचे संवाद तिला पाठ आहेत, कुणी अडखळलं की विंगेतून तीच सांगते.

आणि ते रंगमंच! प्रेक्षकांसाठी रॅम्प असतो, त्याचे फोटोही निघतात. मंचावर जायला मात्र पायऱ्याच. म्हणजे तिनं नाटक बघावं, करू नये, हे बांधतानाच ठरलं. मग कुणीतरी बाह्या सरसावतं, 'उचलतो की आम्ही!' ती काय नेपथ्य आहे, उचलून ठेवायला? १:१२ उताराच्या हिशेबानं मीटरभर उंच मंचाला बारा मीटर रॅम्प लागतो, जागा जाते, कबूल. मग लिफ्ट बसवा. तेही नको? खाली सपाट जमिनीवर प्रयोग करा, नाटक काही उंचीवर अडत नाही.

२०१९ मध्ये अली स्ट्रोकर अमेरिकेतला रंगभूमीचा मानाचा टोनी पुरस्कार जिंकणारी पहिली व्हीलचेअरवरची अभिनेत्री ठरली. तिथेही प्रेक्षागृहातून मंचावर जायला रॅम्प नव्हता, म्हणून ती मंचामागेच थांबली होती. एवढ्या मोठ्या सोहळ्यात ही तऱ्हा!

वर प्रयोग संपला की डोळे पुसत 'किती प्रेरणादायी!' अरे, दुसऱ्या प्रवेशात तिचं टायमिंग साफ चुकलं होतं. बाकीच्या पोरांना झापलंत ना? मग तिलाही सांगा की!