केक चिकटतो तो तूप कमी पडलं म्हणून नव्हे

डिसेंबर लागला की घरच्या ग्रुपवर तो निरोप न चुकता येतो. मजकूर साधारण असा: ‘केक भांड्याला चिकटण्याचं कारण एकच, लोणी लावताना केलेली कंजुषी. सढळ हाताने लोणी चोपडा. बटर पेपर घातला तर तेही नको. नॉनस्टिकला काहीच नको. आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या पालथा घाला, गार झाला की चिकटलाच!’ यंदा तो मला चौघींकडून आला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी लोण्याचं बघू. विकतच्या बटरमध्ये स्निग्धांश 80 टक्क्यांच्या आसपास असतो, 16 टक्क्यांपर्यंत पाणी असतं आणि उरलेल्यात मीठ व दुधातले घटक. भट्टीच्या उष्णतेत पाणी उडून जातं आणि दुधातली प्रथिनं, दुधातली साखर भांड्याला धरतात. लोणी कढवल्यावर पातेल्याच्या बुडाशी बेरी धरते ना, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे चिकटू नये म्हणून जे लावलं, त्यातलाच एक भाग चिकटतो. साजूक तुपातून बेरी आधीच गाळून गेलेली असते, त्यामुळे भांड्याला लावायला तूप किंवा साधं तेल बरं. बटर केकच्या आत घाला, चव तिथे कळते.

आता ‘सढळ हाताने’. भांडं तापलं की जाड थर वितळतो आणि ओघळून खालच्या कोपऱ्यात साचतो. तिथे केकची कड तळल्यासारखी होते आणि वरच्या बाजू जवळपास कोऱ्याच राहतात. कमी लावलं म्हणून केक अडकलेला मी क्वचितच पाहिला आहे. बहुतेक वेळा बोट एखाद्या ठिकाणी फिरलेलंच नसतं, आणि ते ठिकाण नेमकं बूड आणि बाजू जिथे मिळतात तिथलं असतं. पातळ हात सगळीकडे फिरवा, त्यावर चमचाभर मैदा भुरभुरवा, भांडं तिरकं करून गोल फिरवा आणि सिंकवर पालथं धरून थोपटा. मैद्याने तूप जागेवर राहतं. चॉकलेट केक असेल तर मैद्याऐवजी कोको पावडर, नाहीतर केकवर पांढरे डाग दिसतात. नक्षीच्या साच्यात मैदा खाचांमधून गोळा होतो. तिथे तेल, वितळलेलं तूप आणि मैदा समप्रमाणात फेटून ती पेस्ट ब्रशने लावावी.

मुळात धरते ती साखर, आणि तिच्या जोडीला अंड्याची किंवा दुधाची प्रथिनं, धातूला थेट लागून तापली की. बिनअंड्याचा कंडेन्स्ड मिल्कचा केक म्हणूनच जास्त छळतो, कारण डब्यातल्या त्या दुधात दुधाची साखर धरून निम्म्याहून अधिक साखरच असते. भांडंही बघावं लागतं. स्टीलपेक्षा अॅल्युमिनियम सुमारे पंधरापट चांगली उष्णता वाहून नेतं. जर्मनच्या डब्यातून अलगद निघणारा केक कुकरमध्ये स्टीलच्या डब्यात ठेवला की मधोमध बुडाला धरतो, त्यात तुपाचा काही दोष नाही.

बटर पेपर. किराणा दुकानात या नावाने दोन वेगळे कागद मिळतात. एक बेकिंगचा, त्यावर सिलिकॉनचा थर असतो आणि तो खरंच सुटून येतो. दुसरा नुसता तेलकटपणा न शोषणारा, सँडविच गुंडाळायचा. तो कोरडाच घातला तर केकचं बूड कागदासकट खायची वेळ येते. त्याला वरून तूप हवंच. शिवाय कागद आपण बुडाला घालतो, बाजूंचं काय?

नॉनस्टिकबद्दल थोडक्यात. नवं असेपर्यंत ठीक, पण चरे पडले, की साखर तिथेच धरते. तेलाचा पुसटसा हात लावाच. आणि कडेने स्टीलची सुरी फिरवू नका.

खरी गडबड शेवटच्या सल्ल्यात आहे. घावन करणाऱ्या कुणालाही विचारा, तव्यावर पीठ पडल्या पडल्या उलथनं घातलं की लगदा होतो. जरा थांबलं की कडा आपोआप सुटतात. केकचंही तेच. भट्टीतून निघाला तेव्हा आतला स्टार्च अजून मऊ असतो, त्यात वाफ कोंडलेली असते. त्या क्षणी पालथा घातला की वरचा भाग ताटात आणि बूड भांड्यात. 10 ते 15 मिनिटं जाळीवर ठेवलं की तो घट्ट होतो, किंचित आकसतो आणि कडेला बारीक फट दिसते. भांडं गरम लागतंय पण हातात धरवतंय, ही वेळ. निरोपातलं अर्धं मात्र खरं आहे: रात्रभर भांड्यातच राहिला तर तूप थिजतं, वाफेचं पाणी होऊन बूड ओलं होतं आणि केक हट्टाला पेटतो.

आणि ज्यांना वाटतं की चिकटणं वाईटच, त्यांच्यासाठी शिफॉन केक. 1927 च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या हॅरी बेकर यांनी तो काढला. त्याच्या साच्याला तुपाचा थेंबही लावत नाहीत. हलकं पीठ कोऱ्या भिंतीला धरूनच वर चढतं, तूप लावलं तर घसरून बसतं. भट्टीतून काढला की साच्यासकट उलटा टांगून पूर्ण गार करायचा, मगच सुरी फिरवायची. तूपही नाही आणि घाईही नाही, म्हणजे निरोपातल्या दोन्ही मुख्य सल्ल्यांच्या बरोबर उलट.

आता ज्यांचा केक या क्षणी भांड्यात गार होऊन अडकलेला आहे, त्यांनी खरवडू नका. ताटात थापलेल्या वड्या सुटत नसल्या की आपण ताट गॅसवर क्षणभर फिरवतो, तसंच करा. मंद आचेवर भांड्याचं बूड वीसेक सेकंद फिरवा, आतलं तूप वितळेल. नॉनस्टिक असेल तर गॅसऐवजी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यावर पाच मिनिटं ठेवा. मग वर ताटली धरून उलटं करा आणि बुडावर दोन थापा मारा.