कॉमर्स म्हणजे उरलेल्यांची लाइन नाही

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. भाच्याला दहावीला 84 टक्के पडले आणि पोरगं म्हणतंय मला कॉमर्सला जायचंय, तर घरात तीन दिवसांपासून कोणी धड जेवत नाहीये. दाजींचं म्हणणं, एवढे मार्क घेऊन कॉमर्स कोण करतं, लोक म्हणतील पोराला सायन्स झेपत नसेल. ताई म्हणाली तू समजाव त्याला. मी म्हटलं ताई, समजावते, पण त्याला नाही, दाजींना.

हे मी मनापासून लिहितेय कारण मी स्वतः पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून कॉमर्स केलंय आणि आज जळगावात लोकांची अकाउंट्स बघते. मला तेव्हा 61 टक्के होते म्हणून कोणी विचारलंच नाही, सायन्स भेटणार नाही, आर्ट्स नको, मग चल कॉमर्स. गल्लीतल्या एका आजोबांनी तर सरळ विचारलं होतं, "कॉमर्स लिसन काय करशी व माय?" (कॉमर्स घेऊन काय करशील गं?) माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉलेजातही कोणी दिलं नाही, कारण तिथं गाइड उघडायचं, व्याख्या अंडरलाइन करायची, 'फरक स्पष्ट करा'चे चार मुद्दे पाठ करायचे, झालं.

आता त्या चार मुद्द्यांचंच सांगते. बारावीच्या इकॉनॉमिक्सला पुरवठ्याच्या धड्यात 'साठा' आणि 'पुरवठा' यातला फरक असतो. साठा म्हणजे विकता येईल असा जवळ असलेला सगळा माल, पुरवठा म्हणजे त्यातला ठराविक भावाला ठराविक वेळेत विकायला काढलेला माल. मी हे पाठ करून पेपरात लिहून आले होते, मार्क पण पडले. पण ते कळलं 2023 च्या उन्हाळ्यात, आमच्या स्वतःच्या घरात. त्याच्या आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा-बारा हजारांपर्यंत गेला होता, म्हणून आबांनी आणि गावातल्या जवळजवळ सगळ्यांनीच कापूस घरात भरून ठेवला, या वर्षी पण बारा हजार भेटतीलच. आमची पुढची खोली छतापर्यंत भरलेली, आई आणि वहिनी ओट्यावर झोपायच्या, कापूस बरेच दिवस घरात राहिला की अंगाला खाज सुटते ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहिती. डिसेंबरात भाव आठ हजारांच्या वर होता तेव्हा विकला नाही आणि पावसाळा तोंडावर आल्यावर सात हजारांच्या आसपास द्यावा लागला, कारण बियाण्याला पैसे पाहिजे होते. सगळ्या गावानं, सगळ्या तालुक्यानं साठा केला की तो साठा कुठं गायब होत नाही ना, तो मेमध्ये एकदम पुरवठा होऊन मार्केटला येतो. एवढी एक गोष्ट. पुस्तकात होती. मी बारावी कॉमर्स पास होऊन घरात बसलेली होते आणि मला आबांना डिसेंबरात सांगता आली नाही, कारण ती मला कधी आमच्या कापसाची गोष्ट म्हणून शिकवलीच गेली नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि त्याच धड्यात पुढे असतं की नाशवंत मालात साठा आणि पुरवठा जवळपास एकच असतो. उदाहरण दूध आणि मासे. अरे, रावेर-यावलच्या पोरांना मासे कशाला सांगता, त्यांच्या दारात केळी उभी आहे! घड तयार झाला की कापावाच लागतो, चार दिवस थांबता येत नाही, कापसासारखं खोलीत भरून ठेवता येत नाही, आणि हे व्यापाऱ्याला शेतकऱ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. केळीचा भाव मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजारात निघतो, आमचा माणूस सकाळी फोनवर तो भाव बघतो आणि प्रत्यक्ष बागेत गाडी आली की सांगतात माल हलका आहे, एवढ्याला देता का बघा. विकणारे हजारो आणि घेणारे मोजके असले की भाव कोणाच्या बाजूने झुकतो, हा प्रश्न 'बाजाराचे प्रकार' या धड्यात विचारा की वर्गात, बघा पोरं कशी उठून बोलतात. घरी रोज रात्री हाच विषय चालतो त्यांच्या.

बरं अकरावी-बारावी तरी पुढची गोष्ट. दहावीपर्यंत आपल्या स्टेट बोर्डात इकॉनॉमिक्स आहे किती? मुख्यतः नववीच्या भूगोलात 'अर्थशास्त्राशी परिचय' आणि 'व्यापार' असे दोन धडे, आणि दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना करताना एक अर्थव्यवस्था आणि व्यवसायांचा. हिशोब ठेवणं, व्याज काढणं, कर्जाचा कागद वाचणं यातलं शाळेत किती होतं, तर गणितातलं सरळव्याज चक्रवाढव्याज. तिथं मुद्दल नेहमी 10,000 आणि दर नेहमी 8 टक्के. खऱ्या आयुष्यात दर कोणी सांगतच नाही. समजा फवारणीच्या औषधाची बाटली रोखीत 1000 ला आहे आणि उधारीत दिवाळीनंतर द्यायची तर 1150 ला, मग सहा महिन्यांना 15 टक्के म्हणजे वर्षाला 30 टक्के व्याज झालं. बँकेचं पीककर्ज 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत फेडलं तर 4 टक्क्यांवर येतं. 4 कुठं आणि 30 कुठं. पण दुकानदार 'व्याज' हा शब्द उच्चारत नाही, तो म्हणतो उधारीचा रेट, आणि आपण पण रेट म्हणूनच देतो. हे नववीच्या पोराला पंधरा मिनिटात शिकवता येतं, मी स्वतः भाच्याला शिकवलंय, तो लगेच घरची उधारीची वही काढून बसला. (तिथून त्याला कॉमर्सचं वेड लागलं, म्हणजे ताईच्या घरच्या भांडणाला एका अर्थी मीच जबाबदार.)

आणि आपल्याकडे उदाहरणांची कमी आहे का? विप्रो म्हणतात ती कंपनी सुरू कुठं झाली, आपल्या अमळनेरला, 1945 मध्ये. नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, काम वनस्पती तूप आणि खाद्यतेल करायचं, पुढे कपडे धुवायचा साबण पण. 1966 मध्ये वडील गेले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण मध्येच सोडून कंपनी सांभाळायला आले. अमळनेरमधल्या लोकांनी तेव्हा घेतलेले शेअर, त्यावर वर्षानुवर्षं मिळालेले बोनस शेअर, ज्यांनी विकले नाहीत त्या घरांचं पुढे काय झालं, ही गोष्ट खान्देशात सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण एसपीच्या (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) तासाला 'समभाग म्हणजे काय' शिकवताना ती सांगणारे मास्तर किती? बोनस शेअर म्हणजे काय हे एवढ्या एका उदाहरणात बसतं, आणि ते मुलांच्या जिल्ह्यातलं आहे.

शिक्षकांवर राग नाही माझा, हे नीट समजून घ्या. एका वर्गात शंभराच्या वर पोरं, त्यातली निम्मी हजेरीपुरती, पोर्शन जानेवारीच्या आत संपवायचा, त्यात तो माणूस काय करेल. राग आहे तो आपल्या त्या उतरंडीवर. 80 च्या वर सायन्स, 60 च्या आसपास कॉमर्स आणि खाली आर्ट्स. आता अकरावीचं ॲडमिशन सगळ्या राज्यात ऑनलाइन झालं तरी फॉर्म भरताना डोक्यात तीच शिडी. ज्या विषयाला तुम्ही उरलेली पोरं पाठवणार तो विषय उरलेल्यासारखाच शिकवला जाणार. आणि सायन्सला ढकललेली किती पोरं बारावीनंतर बीकॉमला येतात ते माझ्या ऑफिसात येऊन बघा, अकाउंट्सची अक्षरओळख नसते, रोजमेळ (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खात्यांप्रमाणे हिशोबाची वही) यात फरक काय ते पहिल्यापासून सांगावं लागतं, दोन वर्षं गेली ती गेलीच.

केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस मार्केटला येतो तेव्हा. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8110 होता. शुल्क आणि आपला भाव यांचा संबंध काय, हे विदेशी व्यापाराच्या धड्यात शिकवायला पाहिजे की नाही? ज्या घरातलं वर्षाचं उत्पन्न त्या एका निर्णयाने हलतं त्याच घरातलं पोरगं तो धडा 'ऑप्शनला टाकतंय'.

दाजींशी काल दीड तास बोलले. अजून पूर्ण तयार नाहीत, पण फॉर्मवर पहिला पसंतीक्रम कॉमर्सचा टाकू दिलाय. भाच्याला मी एक काम सांगितलंय, की घरातल्या मागच्या पाच वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या, म्हणजे व्यापारी देतो त्या हिशोबाच्या पावत्या, शोध, हमाली, तोलाई, कपात किती गेली ते वेगवेगळं लिही आणि हातात काय आलं ते काढ. त्याला तीनच वर्षांच्या सापडल्या, बाकीच्या चुलीत गेल्या म्हणे. कोणाकडे केळीच्या किंवा कापसाच्या जुन्या पट्ट्या पडल्या असतील तर मला फोटो पाठवा, नावं झाकून पाठवा. दर रविवारी गल्लीतली सात-आठ पोरं घेऊन बसायचं ठरवलंय.